आठ मुलींची शाळा

पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या समोर, भिडेवाडा होता. शेवटची काही वर्षं तो उभा होता इतकंच म्हणायचं. वासे कुजले होते, भिंतींना फुगवटे आले होते, तळमजल्यावर दुकानं होती. समोरून जाणाऱ्या हजारो माणसांपैकी फार थोड्यांना ठाऊक होतं की 1848 साली याच वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. स्मारकासाठी ही जागा मिळावी म्हणून महापालिकेचा मालक-भाडेकरूंशी दहा वर्षांहून जास्त काळ खटला चालला. ऑक्टोबर 2023 मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल महापालिकेच्या बाजूने लागला, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि 4 डिसेंबरच्या रात्री बंदोबस्तात वाडा उतरवला गेला. 29 सप्टेंबर 2024 ला स्मारकाची पायाभरणी झाली.

वाडा गेल्याचं दुःख मला झालं, पण फार नाही. तो वाचवण्याच्या पलीकडे गेला होता. मला काळजी आहे ती त्या जागी काय येणार याची. इमारत कशी दिसेल, पुतळा केवढा असेल, भिंतीवर कोणती शिल्पं असतील, यावर खूप बोलणं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या जागेत रोज मुली शिकल्या पाहिजेत. हजेरी घेतली गेली पाहिजे, फळ्यावर खडू चालला पाहिजे. ही मागणी माझ्या एकटीची नाही, पुष्कळांनी केली आहे. तरी ती पुन्हा मांडते, कारण या मागणीच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. तो पुण्याबाहेरचा, वाड्या-वस्त्यांवरचा आहे, आणि स्मारकाच्या उत्साहात त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. त्यातली नऊ वर्षं डोंगरातल्या एका वाडीवर गेली. तिथे पहिली ते चौथी मिळून पट कधी अठराच्या वर गेला नाही. त्यामुळे सावित्रीबाईंविषयी वाचताना माझं लक्ष आधी पटाकडे जातं. किती मुली होत्या? रोज किती येत होत्या? कोणत्या घरातून, किती लांबून?

सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 चा, साताऱ्याकडच्या नायगावचा. खंडोजी नेवसे पाटलांची ही मुलगी 1840 साली लग्न होऊन पुण्यात आली तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिला अक्षरओळख नव्हती. पुढे जोतीरावांनी तिला शिकवलं. सोबतीला सगुणाबाई क्षीरसागर होत्या, जोतीरावांच्या मावसबहीण, ज्यांनी त्यांना लहानपणापासून सांभाळलं होतं. जोतीरावांचे स्नेही केशव शिवराम भवाळकर यांनीही शिकवण्यात हातभार लावला. अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) मिस फरार यांची मुलींची शाळा होती आणि पुण्यात मिसेस मिचेल यांची नॉर्मल स्कूल, म्हणजे शिक्षक घडवणारी शाळा. या दोन्हींशी सावित्रीबाईंच्या अध्यापन-शिक्षणाचा संबंध जोडला जातो. सिंथिया फरार या बाई अमेरिकेतून 1827 साली आल्या आणि इथेच राहून मुलींना शिकवत गेल्या. त्यांची शाळा पाहूनच आपल्याकडे अशी शाळा हवी हे जोतीरावांच्या मनाने घेतलं.

सावित्रीबाई आधी शिकल्या, शिकवायचं कसं ते शिकल्या, आणि मग वर्गात उभ्या राहिल्या. आपण त्यांना ज्योती म्हणतो, माउली म्हणतो, क्रांतीशी त्यांचं नाव जोडतो. ते सगळं खरं आहे, पण या गौरवात त्यांचं शिक्षिकेचं कसब मागे पडतं. त्यांना कुणी वर्गावर ढकलून दिलेलं नव्हतं. त्या प्रशिक्षित शिक्षिका होत्या, आणि 1848 साली या देशातल्या एका सतरा वर्षांच्या माळी घरातल्या मुलीच्या बाबतीत ही गोष्ट केवढी मोठी होती हे शिकवणाऱ्यालाच नीट कळेल.

पहिली म्हणजे कितव्या अर्थाने पहिली, यावर वाद होतात. 1848 मधल्या नेमक्या तारखेवरही होतात. अमेरिकन मिशनने मुंबईत 1824 सालीच मुलींची शाळा काढली होती. बंगालमध्ये बारासात इथे 1847 साली एतद्देशीयांनी मुलींची शाळा सुरू केली. हे नाकारायचं कारण नाही आणि त्याने फुल्यांचं काही कमीही होत नाही. 1882 साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीरावांनी स्वतःच लिहिलं की पुण्यात मिशनऱ्यांची मुलींची शाळा होती, पण इथल्या लोकांची अशी शाळा नव्हती, म्हणून ती काढावीशी वाटली; आणि तिथे आपण व आपली बायको यांनी मिळून पुष्कळ वर्षं काम केलं. पुष्कळ वर्षं, मिळून. पहिलेपणाच्या दाव्यापेक्षा मला या दोन शब्दांत जास्त काही दिसतं.

कारण भिडेवाड्यातली शाळा काही महिन्यांतच बंद पडली होती. हे आपण शाळेतल्या भाषणात सांगत नाही. पैसा नव्हता, लोकांचा विरोध होता, आणि त्या दबावाखाली जोतीरावांच्या वडिलांनी, गोविंदरावांनी, मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं. गंज पेठेत उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. त्याच घराशी फातिमा हे नाव जोडलेलं आहे. 10 ऑक्टोबर 1856 ला सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी नायगावला होत्या, तेव्हा त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. मी नसल्याने फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं त्यात एक वाक्य आहे. शिक्षिका रजेवर आहे आणि तिच्या डोक्यात मागे राहिलेल्या सहकारी बाईवर पडलेला वर्गांचा भार आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत एकाने रजा घेतली की दुसऱ्याचं काय होतं ते मला माहीत आहे.

बंद पडलेली शाळा त्यांनी पुन्हा काढली, आणि एक नाही काढली. 3 जुलै 1851 ला बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी आठ मुली होत्या. वाढत वाढत पट अठ्ठेचाळीसवर गेला. सावित्रीबाई मुख्याध्यापिका, मदतीला विष्णुपंत मोरेश्वर आणि विठ्ठल भास्कर. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला रास्ता पेठेत दुसरी शाळा निघाली आणि 15 मार्च 1852 ला वेताळ पेठेत तिसरी. वेताळ पेठ म्हणजे आजची गुरुवार पेठ.

आता पुण्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. बुधवार, रास्ता, गुरुवार या पेठांमध्ये अंतर किती? चालत गेलं तर वीस-पंचवीस मिनिटं, फार तर अर्धा तास. पैशांची चणचण, शिक्षकांची वानवा, माथ्यावर समाजाचा राग. अशा वेळी शहाणा कारभारी काय करील? एकच मोठी शाळा काढील, सगळ्या मुली तिथे बोलावील, खर्च वाचवील. फुल्यांनी तसं केलं नाही. अर्ध्या तासाच्या टापूत, नऊ महिन्यांच्या आत, त्यांनी तीन शाळा उघडल्या.

यामागचं कारण त्यांनी कुठे सविस्तर मांडलेलं माझ्या वाचनात नाही, पण ते शोधायला लांब जावं लागत नाही. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि चिखल कुठे फेकला गेला? वर्गात नाही, रस्त्यात. शाळेत पोचल्यावर माखलेलं लुगडं सोडून दुसरं नेसायचं, शिकवायचं आणि परतताना पुन्हा ते मळकं नेसायचं, ही आठवण शाळेच्या वेळच्या लोकांनी सांगून ठेवली आहे. शाळेच्या खोलीपेक्षा शाळेचा रस्ता अवघड होता. मोठी बाई तो रस्ता काढू शकत होती, सात-आठ वर्षांच्या मुली काढू शकत नव्हत्या. त्यातही अस्पृश्य मानलेल्या घरांतल्या मुलींनी पेठा ओलांडून यायचं म्हणजे काय, याचा विचार करा. म्हणून मुलींनी शाळेकडे जायच्या ऐवजी शाळा मुलींच्या दाराशी गेली आणि रस्त्यावरचा मार शिक्षिकेने आपल्या अंगावर घेतला. फुल्यांच्या शाळांचं शिक्षणशास्त्र मला विचाराल तर ते यात आहे.

आणि त्यातून निघालं काय? मांग समाजातली मुक्ता साळवे ही या शाळांमधली विद्यार्थिनी. तिचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदया’त दोन भागांत छापून आला. ज्या वेदांना आम्ही शिवायचं नाही, तो धर्म आमचा कसा, असं ती विचारते. बाळंतपणात आमच्या बायकांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-पावसात त्यांचं काय होत असेल ते स्वतःच्या अनुभवावरून समजून घ्या, असं ती वाचणाऱ्यांना सुनावते. शाळेत जाऊन जेमतेम काही वर्षं झालेली ही मुलगी. तिच्या बाईंनी तिला नुसतं ग म भ न शिकवलं असतं तर असा निबंध येत नाही. प्रश्न विचारायला भीती वाटणार नाही असा वर्ग तिला मिळाला होता. असा वर्ग मोठा असायला लागत नाही. माझा अनुभव सांगायचा तर, पट लहान असला की शेवटच्या रांगेतली मुलगीच उरत नाही.

हे सगळं आज का आठवायचं? सप्टेंबर 2023 मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे अशा अनेक शाळांची मिळून एक मोठी शाळा, उभारण्याबाबत प्रस्ताव मागवले. 20 किंवा त्याहून कमी पट असलेल्या अशा जवळपास 15 हजार शाळा राज्यात आहेत आणि त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुलं शिकतात, अशी आकडेवारी तेव्हा समोर आली. नंदुरबारमधल्या तोरणमाळचा आणि पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचा नमुना दाखवला गेला. शाळा बंद करणार नाही, एकत्र करणार, असं सांगितलं गेलं. विरोध झाला, गती मंदावली, पण विचार मागे पडलेला नाही. दरवर्षी संचमान्यता, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवणारा कागद, आली की वाडीवरच्या शिक्षकाच्या पोटात गोळा येतो, तो येतोच.

तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर दिसतं की ज्या शरदात भिडेवाड्याच्या जागेसाठी न्यायालयात निकराची लढाई चालू होती, त्याच शरदात 20 पटाच्या नियमाची चर्चा चालू होती. 3 जुलै 1851 च्या हजेरीवर हा नियम लावला तर चिपळूणकर वाड्यातली शाळा अव्यवहार्य ठरते. सावित्रीबाईंची बदली होते, आठ मुलींना जवळच्या मोठ्या शाळेत समायोजित केलं जातं. त्यातल्या किती पोचल्या असत्या?

समूह शाळेच्या बाजूने बोलणारे सगळेच हिशेबी आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांचे काही मुद्दे मी स्वतः भोगलेले आहेत. चार इयत्ता एका खोलीत घेऊन बसलं की पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवायला देऊन चौथीचा भागाकार शिकवावा लागतो, आणि दोघांनाही पुरेसं दिलं नाही ही टोचणी घेऊन घरी जावं लागतं. वर्गात एकच मुलगी असेल तर तिला बरोबरीची मैत्रीण नसते, खो-खोचा संघ होत नाही, नाटक बसत नाही. माझ्या शाळेत तिसरीत सलग दोन वर्षं एकच मुलगी होती. ती परीक्षेत पहिली यायची आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही, कारण दुसरं कुणी नव्हतंच. प्रयोगशाळा, संगीत, खेळाचे शिक्षक हे अठरा मुलांसाठी कुठून आणणार, हा प्रश्नही खोटा नाही.

पण या अडचणींवर शाळा उचलून दहा किलोमीटरवर नेणं हा इलाज नाही, आणि इथे मी अंतर जाणूनबुजून सांगते आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलं आहे. तो आकडा हवेतून आलेला नाही. सहा वर्षांचं मूल रोज किती चालू शकेल, पावसाळ्यात ओढा ओलांडू शकेल का, याचा तो विचार आहे. गाडीची सोय करू, भत्ता देऊ, असं म्हणतात. एसटीचा मोफत पास मुलींना पाचवीपासून मिळतो आणि त्याचा फार मोठा उपयोग झाला आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण माझ्या वाडीला एसटी येत नव्हती. जीप यायची, ती भरली की सुटायची. जुलैमध्ये दरड आली की आठ-आठ दिवस तीही बंद. अशा ठिकाणी पहिलीतली पोर गाडीवर सोडून शेतावर जाईल असा बाप मी पाहिलेला नाही. आणि मुलगा-मुलगी दोघांपैकी एकालाच लांब पाठवायचं झालं तर घरी कोण राहतं, हे सांगायची गरज आहे का? धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतंच.

एक मुलगी मला अजून आठवते, नाव लिहीत नाही. आमच्याकडे चौथी झाली, हुशार, पाढे तिसापर्यंत तोंडपाठ. पाचवीची शाळा साडेचार किलोमीटरवर. आई-वडिलांना मी चार वेळा जाऊन भेटले. पाठवतो म्हणाले. जूनमध्ये ती गेली, ऑगस्टमध्ये थांबली. रस्त्यात एका वळणावर मुलं थांबायची, काहीबाही बोलायची. मारहाण नाही, शेण-चिखल नाही, नुसतं बोलणं. तेवढं पुरलं. तिच्याबरोबर चालत जाणारी बाई कुणी नव्हती. मी रोज तिच्याबरोबर जाऊ शकत नव्हते, माझे अठरा इथे बसलेले असायचे. तिच्या थांबण्याची नोंद कागदावर झाली ती ‘सतत गैरहजर’ या दोन शब्दांत.

मग करायचं काय? शाळा जिथे आहे तिथे राहू द्या आणि ज्या गोष्टींसाठी मोठा गट लागतो तेवढ्यापुरतं मुलांना एकत्र आणा. आठवड्यातून एक दिवस केंद्रातल्या चार-पाच लहान शाळांची मुलं एका ठिकाणी यावीत. त्या दिवशी खेळ, गाणी, प्रयोग, नाटक. गाडी त्या एका दिवसासाठी द्या. संगीताचा, खेळाचा शिक्षक फिरता ठेवा. बहुवर्ग अध्यापन हे वेगळं कौशल्य आहे. ते डी.एड.मध्ये जाता जाता उरकलं जातं, त्याचं नीट प्रशिक्षण द्या. वाडीवरच्या शिक्षकाला माहित्या भरण्यातून आणि सर्वेक्षणांतून सोडवा. आणि दुसरा शिक्षक काढून घेऊ नका. कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत, ते गोळाबेरजेसाठी नाहीत. एक आजारी पडला तर शाळा उघडी राहावी म्हणून आहेत. सावित्रीबाई नायगावला आजारी होत्या तेव्हा पुण्यात शाळा चालू होती, ती मागे कुणी सांभाळणारी होती म्हणून.

खर्चाचं विचाराल तर जोतीरावांनी 1882 साली हंटर आयोगापुढे हाच प्रश्न मांडला होता. सरकारचा बहुतेक महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यांनी सरळ सांगितलं. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं म्हटलं. खेड्यातल्या मास्तरला महिना 12 रुपयांहून कमी पगार नको, मोठ्या गावात 15-20 द्या, असे आकडेही दिले. मास्तर कसा हवा? वेळ पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरायला न लाजणारा, खालच्या थरांतल्या लोकांत सहज मिसळणारा. त्या निवेदनातला हा भाग प्रत्येक शिक्षण अधिकाऱ्याने वर्षातून एकदा वाचावा असं मला मनापासून वाटतं. सक्तीच्या शिक्षणाची ती मागणी कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली आपल्या संस्थानापुरती अमलात आणली. देशभराचा कायदा लागू व्हायला 1 एप्रिल 2010 उजाडला. निवेदनापासून 128 वर्षं. आणि आज नव्याने लागणाऱ्या प्राथमिक शिक्षकाला पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून महिना 16 हजार रुपये मिळतात. 2023 पर्यंत ते 6 हजारच होते. घरापासून लांब, डोंगरात खोली घेऊन राहणाऱ्या तरुणाकडून आपण सावित्रीबाईंच्या निष्ठेची अपेक्षा करतो, त्याचा हा मोबदला.

आता पुन्हा बुधवार पेठेत येते. स्मारकात शाळा नको असं म्हणणाऱ्यांच्या अडचणी मी ऐकल्या आहेत. जागा लहान, मैदान नाही, समोर गर्दी, गणपतीच्या दहा दिवसांत तर तिथे पाय ठेवायला जागा नसते. मान्यताप्राप्त शाळेचे निकष तिथे बसणार नाहीत. हे मला पटतं. नियमित, दहावीपर्यंतची शाळा तिथे काढा असं माझं म्हणणं नाही. फुल्यांनी 1855 साली दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. सोयीची वेळ धरून शिकवणं हेही त्यांच्याकडूनच आलेलं आहे. त्याच धर्तीवर या जागेत दुपारी आणि संध्याकाळी वर्ग भरू शकतात.

मुली कुठून येणार, असं कुणी विचारलं तर त्याने त्या जागेच्या मागच्या गल्ल्यांत जाऊन यावं. बुधवार पेठेत देहविक्रय करणाऱ्या बायकांची वस्ती आहे, हे पुण्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि स्मारकाच्या चर्चेत कुणी उच्चारत नाही. त्या बायकांना मुली आहेत. त्यांच्या संध्याकाळी कुठे जातात? एका खोलीत पडदा लावून राहणाऱ्या आईची मुलगी गृहपाठ कुठे करते? त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्था आहेत आणि त्या निष्ठेने काम करतात, पण त्यांच्याकडे जागा किती असणार! 1863 साली फसवल्या गेलेल्या विधवांसाठी ज्या बाईने आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं, तिथे जन्मलेला मुलगा पुढे दत्तक घेतला, आणि 1897 च्या प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घालून आणताना जिला स्वतःला लागण होऊन मरण आलं, तिच्या स्मारकाचं दार या मुलींसाठी उघडणार नसेल तर कुणासाठी उघडणार?

तळमजल्यावर प्रदर्शन असू द्या. मिस फरार आणि मिसेस मिचेल यांचं ऋण तिथे लिहिलेलं असावं, सगुणाबाई असाव्यात, फातिमा असावी, मुक्ताचा निबंध पूर्ण लावलेला असावा, मोठ्या अक्षरांत, मुलांना वाचता येईल असा. पण त्याच्या वरचा एक मजला वर्गांसाठी ठेवा. ग्रंथालय, अभ्यासिका, संध्याकाळचा गरम खाऊ, पगारी आणि प्रशिक्षित शिक्षिका. फोटो काढून जाणारे हौशी नकोत. शनिवारी राज्यभरातल्या लहान शाळांतल्या शिक्षकांसाठी बहुवर्ग अध्यापनाची कार्यशाळा तिथे घ्या. वाडीवरून आलेला शिक्षण सेवक ज्या जागेवर सावित्रीबाई शिकवत होत्या त्या जागेवर बसून आपलं कसब शिकेल, यापेक्षा मोठा मान त्याला कुठला द्यायचा!

हे महापालिकेने आजच ठरवावं लागेल. इमारत पूर्ण झाल्यावर आत काय करायचं ते बघू म्हटलं की आत काय होतं ते आपण अनेक सभागृहांत आणि दालनांत पाहिलं आहे: कुलूप, आणि 3 जानेवारीला हार. वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, मुलींसाठी सुरक्षित वेगळा जिना हे आराखड्यातच लागतं. शिक्षिकांची पदं अंदाजपत्रकात लागतात. शिकवण्याची जबाबदारी कुणाची, हे ठरावात नाव घेऊन लिहावं लागतं.

मागे एका बैठकीत मी हे मांडलं तेव्हा एका गृहस्थांनी अगदी आपुलकीने विचारलं, बाई, एवढं सगळं करून पहिल्या दिवशी येतील किती मुली? पाच? दहा? मी त्यांना 3 जुलै 1851 चा आकडा सांगितला.